न दमणारी तालीम

खडकगल्ली तालीम परदेशी गटाला विकायची ठरली, त्या बैठकीत कोणी भांडलं नाही. एरवी मिरवणुकीत झेंडा कोणी धरायचा यावरून महिनाभर अबोला धरणारी ही माणसं. पण व्यावसायिक लीगच्या नव्या अटी आल्यापासून सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. तालमीला स्वतःचं सरावाचं मैदान हवं, मुलांची अकादमी हवी, पगारी डॉक्टर हवा. नसेल तर लीगमध्ये जागा नाही. कोल्हापुरातल्या तालमी पेठेच्या वर्गणीवर फुटबॉल खेळत आल्या होत्या. त्या वर्गणीत हे सगळं बसणारं नव्हतं. दोन हंगाम लोकांचे जिने चढून जुने पदाधिकारी थकले होते, आणि विकत घेणारा कोणीतरी आला याचंच त्यांना बरं वाटत होतं.

गटाचे प्रतिनिधी हॉल्म व्यासपीठावर बसले होते. त्यांच्या कॉलरला लावलेल्या भाषांतरयंत्रातून त्यांचं बोलणं मराठीत ऐकू यायचं, आणि ते मराठी इतकं शुद्ध होतं की समोरच्यांना उगाचच ताठ बसावं लागत होतं.

"आपल्या तालमीचे नाव, रंग व ध्वज यांना आम्ही हात लावणार नाही," यंत्र म्हणालं. "आम्हाला केवळ आपल्या खेळाडूंसमवेत काम करावयाचे आहे."

"कसलं काम?" शौकत मुजावरांनी विचारलं. ते तालमीचे प्रशिक्षक. तरुणपणी याच तालमीचे गोलकीपर होते.

"विश्रांतीचे. अधिक अचूक सांगावयाचे तर, विश्रांतीची गरज कमी करण्याचे."

"मग आधी आम्हालाच द्या की ते," मागून कोणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले, आणि ठराव मंजूर झाला.

शेवटच्या रांगेत इंद्रजित साळोखे बसला होता. तो खडकगल्लीचा मिडफिल्डर. वय चौतीस. त्याच्या पायात वेग कधीच नव्हता. त्याची नजर मात्र वेगळी होती. समोरच्या संघातला कोणता खेळाडू आता ढेपाळणार, हे त्याला त्या खेळाडूच्या आधी कळायचं. बरोबर तेव्हा तो त्या खेळाडूच्या बाजूने चेंडू टाकायचा आणि गोल व्हायचा. अलीकडे मात्र उत्तरार्धात त्याचाच दम आधी संपत होता. मेहुण्याबरोबर रिक्षांच्या बॅटऱ्यांचं दुकान टाकायचं, हे त्याने बायकोशी, मृणालशी बोलून ठरवूनही टाकलं होतं. एवढा एक हंगाम, मग बास.

*

गटाने पाठवलेल्या यंत्राचं नाव लांबलचक होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला 'टोपरं' म्हणायला सुरुवात केली, कारण तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखं ते कानांवरून घेऊन हनुवटीखाली बांधावं लागे. गटाने नेमलेल्या डॉक्टर रेवती कर्णिक पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी सगळ्या खेळाडूंना समोर बसवून समजावून सांगितलं.

"तुम्ही दमता ते पायांत नाही. पळणारा माणूस 'आता मेलो' म्हणून थांबतो, तेव्हाही त्याच्या स्नायूंत बरंच इंधन शिल्लक असतं. मग थांबवतं कोण? मेंदू. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत एका घडीत दडलेला एक भाग आहे. हृदय, फुप्फुसं, स्नायू, अंगातली उष्णता, सगळ्यांच्या बातम्या त्याच्याकडे येतात. त्यावरून तो अंदाज बांधतो, की एवढं उरलं आहे आणि एवढं पळायचं आहे. त्या अंदाजालाच आपण थकवा म्हणतो. गाडीतलं पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागतो ना, तसा. दिवा लागला तरी टाकीत पेट्रोल असतंच. मेंदू भित्रा आहे, तो दिवा फार लवकर लावतो."

"आणि हे टोपरं दिवा काढून टाकतं?" इंद्रजितने विचारलं.

"मंद करतं. यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आत जातात. बऱ्याच ठिकाणांहून निघतात, पण सगळ्या त्या एका जागेवर एकत्र येतात. तिथल्या पेशी काही दिवस थोड्या शांत होतात, एवढंच."

"आणि खरंच पेट्रोल संपलं तर?" शौकत सरांनी विचारलं.

"त्यासाठी तुमची जर्सी आहे. ती सगळं मोजते. शरीराची खरी मर्यादा जवळ आली की संगणक आम्हाला सांगतो आणि आम्ही खेळाडूला बाहेर घेतो. मैदानावर कोणीही कोसळणार नाही, ही हमी मी देते."

ती हमी शेवटपर्यंत खरी ठरली. कोणीही कोसळलं नाही.

*

पहिल्या सामन्यात इंद्रजित पूर्ण वेळ पळला. शिट्टी वाजल्यावर त्याला कळलंच नाही की सामना संपला. खडकगल्लीने तीन गोल केले, तिन्ही शेवटच्या टप्प्यात, समोरचा संघ गुडघ्यांवर हात ठेवून उभा असताना. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बॅटऱ्यांच्या दुकानाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मृणाल एका खासगी दवाखान्यात डायलिसिस विभागात सिस्टर होती. दिवसभर पेशंटच्या खाटांमध्ये उभं राहून संध्याकाळी घरी आली, की स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कोमट पाण्यात पाय सोडायची. पहिले काही आठवडे तिला घर स्वर्गासारखं वाटलं. इंद्रजितने भाकरी सोडून सगळा स्वयंपाक केलेला असायचा. भांडी घासलेली, पंखे पुसलेले, माळा आवरलेला. तो सराव करून आलेला असे, पण बसत नसे.

"ऊठ, रंकाळ्यावर जाऊन येऊ," एके दिवशी तो म्हणाला.

"आज नको रे."

"का?"

"दमलेय."

"कशानं?"

मृणालने वर पाहिलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं. एखाद्या परक्या गावच्या माणसाने तिथला रस्ता विचारावा, तसं त्याने विचारलं होतं. तिने पाय पाण्यातून काढले आणि पुसत बसली.

पुढच्या रविवारी तो तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन पन्हाळ्याला गेला. गाडी खाली ठेवून पायवाटेने चढू, असं त्यानेच ठरवलं. मृणालचे वडील, तात्या, सत्तरीला आलेले. जावई पुढे चढत होता, वळून हाका मारत होता, तेही उत्साहाने चढत राहिले. मृणाल मागून पोचली, तेव्हा ते एका दगडावर बसले होते. ओठ पांढरे पडले होते, आणि वीसेक पावलं वर उभा राहून इंद्रजित हसत म्हणत होता, "चला की तात्या, आलंच आता."

संध्याकाळी तात्यांना घरी सोडून आल्यावर ती म्हणाली, "तुला दिसत नव्हतं?"

"काय?"

"त्यांचा जीव जात होता, इंद्रा."

"अगं, पण ते काही बोललेच नाहीत."

"बोलायला दम कुठं होता त्यांना?"

इंद्रजितने आठवून बघितलं. तात्यांचा चेहरा त्याला नीट आठवत होता. घाम, लाल झालेले डोळे, उघडं तोंड. सगळं त्याने पाहिलं होतं. त्यातून काही कळलं मात्र नव्हतं.

*

मृणाल दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी तालमीत गेली आणि डॉक्टर कर्णिकांना भेटली. तिने घरातलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला.

"समोरचा माणूस दमलाय हे आपण डोळ्यांनी बघतो," त्या म्हणाल्या, "पण ते कळतं आपल्याच शरीरात. त्याची वाकलेली पाठ बघितली की आपला मेंदू क्षणभर आपल्या पाठीवर ते ओझं ठेवून बघतो. हे काम तोच भाग करतो. स्वतःचा थकवा मोजायला एक जागा आणि दुसऱ्याचा ओळखायला दुसरी, असं नसतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"प्रयोगशाळेत लोकांना शंका होती. आम्ही मोजलं नाही. आम्ही वेग मोजला, अंतर मोजलं, हृदयाचे ठोके मोजले. जर्सीत या गोष्टीचं मोजमाप नाही, सिस्टर."

"बंद केलं तर परत येईल?"

"बहुतेक येईल. मेंदू शिकतो तसा विसरतोही. किती दिवसांत, ते मला सांगता येणार नाही. आणि खरं सांगते, हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच आहात. खेळाडू कशाला विचारतील? त्यांना काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही."

मृणालने हे इंद्रजितला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "हंगाम संपू दे, मग बघू," तो म्हणाला. तालीम पहिल्या क्रमांकावर होती. शौकत सरांनीही त्याला एकदा सरावानंतर थांबवलं होतं.

"जिंकतोयस, चांगलं आहे," ते म्हणाले होते. "पण तू आता नुसता पळतोस. आधी तू थांबून बघायचास. त्यांचा तो बॅकला खेळणारा पोरगा पाय ओढत होता अर्धा तास. त्याच्या बाजूनं एकदा तरी चेंडू टाकलास का?"

"पाय ओढत होता?"

शौकत सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. त्यांना हल्ली कोणाशी वाद घालायचा कंटाळा आला होता. संघ कोणता उतरवायचा ते आता संगणक ठरवत होता.

*

हंगाम निम्म्यावर आला, तेव्हा हॉल्म यांनी इंद्रजितला भेटायला बोलावलं. गटाला फुटबॉलमध्ये तेवढ्यापुरताच रस होता, हे तेव्हा उघड झालं. शहराच्या लाडक्या संघावर टोपरं चालतं हे लोकांना दिसलं होतं. आता ते कामाच्या ठिकाणी न्यायचं होतं. पुढे शिरोलीचे फाउंड्री कारखाने होते. त्याआधी दवाखाने. पहिला दवाखाना ठरला होता, आणि तो मृणालचाच होता.

"तेथील परिचारिका संकोच करीत आहेत," यंत्र म्हणालं. "आपली पत्नी त्यांच्यात मान असलेली आहे. आपण त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, अशी आमची विनंती आहे. सक्ती कोणावरही नाही."

इंद्रजितला यात वावगं काही वाटलं नाही. उलट मृणालने टोपरं घेतलं तर घरातली रोजची कुरबुर संपेल, असंच त्याच्या मनात आलं. त्याच दुपारी तो दवाखान्यात गेला.

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा होत्या. मृणाल एका पेशंटची नळी तपासत होती. पलीकडच्या खाटेजवळ एक तरुण सिस्टर होती. तिने आठवड्यापासून टोपरं घ्यायला सुरुवात केली होती. चटपटीत, हसतमुख, एकीकडून दुसरीकडे भराभर जाणारी. तिच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते.

"बाई, आज लवकर सोडता का?" ते म्हणाले.

"अहो आजोबा, थोडंच राहिलंय. छान चाललंय सगळं," ती हसून म्हणाली. तिने मशीनवरचे आकडे बघितले आणि पुढे गेली. आकडे खरोखरच ठीक होते.

मृणाल हातातलं काम टाकून तिकडे गेली. तिने मशीनचा वेग कमी केला, आजोबांच्या पाठीमागे उशी सरकवली, त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिली. थोड्या वेळाने ती इंद्रजितजवळ आली.

"बोल. कशाला आलास?"

त्याने हॉल्म यांचा निरोप सांगितला. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मग ती म्हणाली, "त्या आजोबांकडं बघ."

त्याने बघितलं.

"काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? म्हातारा माणूस. पडलाय."

"नीट बघ, इंद्रा. घाई करू नकोस."

त्याने नीट बघितलं. डोळे मिटलेले होते. गालांची हाडं वर आलेली. उघड्या तळहाताची बोटं चादरीवर जरा वाकलेली. ज्या माणसाने वीस वर्षं मैदानावर समोरच्याच्या खांद्यावरून, मानेवरून त्याचा दम ओळखला, तो आता शाळेच्या परीक्षेत बसल्यासारखा त्या चेहऱ्यात उत्तर शोधत होता. त्याला खाटेवर पडलेला एक माणूस दिसत होता. त्यापलीकडे काही नाही. भिंतीकडे बघावं तसं ते होतं.

मृणालला वाटलं होतं तो वाद घालेल. पण तो एकदम घाबरला. तिने त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला नाही दिसत," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला गेली, कारण कोपऱ्यातल्या मशीनचा बझर वाजत होता.

*

इंद्रजितने टोपरं घेणं थांबवलं. हॉल्म यांनी अजिबात विरोध केला नाही. "आम्ही आपल्या निर्णयाचा आदर करतो," यंत्र म्हणालं. करारात तशी तरतूद होती, आणि पुढच्या सामन्यापासून तो संघाबाहेर झाला. तालमीच्या दारावरचा त्याचा मोठा फोटो उतरवला गेला. पेठेतली माणसं त्याला बोलली नाहीत की चिडलीही नाहीत. त्याच्या जागी आलेला पोरगा त्याच्यापेक्षा जास्त पळत होता.

दवाखान्यातही कोणावर सक्ती झाली नाही. फक्त टोपरं घेणाऱ्या सिस्टरना पेशंटच्या ड्यूट्या मिळू लागल्या आणि न घेणाऱ्यांना इतर कामं. मृणालला औषधांच्या भांडारात बसवलं. ती दिवसभर खोकी उघडून त्यांवर चिठ्ठ्या लावायची. भांडायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. "बसायला तरी मिळतं," असं ती म्हणायची, आणि संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त गळून यायची.

इंद्रजित मेहुण्याच्या दुकानात जाऊ लागला. बॅटऱ्या उचलून त्याचे दंड थरथरायचे, हे त्याला दिसायचं; जाणवायचं मात्र काही नाही. म्हणून तो शिकलेली गोष्ट पाठ करावी तसं वागायचा. मृणाल घरी आली की पाणी गरम करून ठेवायचा. ती बसली की काही विचारायचा नाही. तिला हे सगळं कळत होतं. कधी कधी त्याच्या त्या काळजीपूर्वक वागण्यानेच तिला रडू यायचं, कारण परक्या घरी पाव्हणी म्हणून राहिल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्याच्या तोंडाशी अंतिम सामना आला. खडकगल्ली विरुद्ध नागझरी. नागझरी तालीमही मधल्या काळात दुसऱ्या एका परदेशी गटाने घेतली होती आणि त्यांच्याकडेही टोपरं आलं होतं. शौकत सरांनी दोन पास पाठवले, म्हणून इंद्रजित आणि मृणाल गेले.

असा सामना कोल्हापुराने पाहिला नव्हता. बावीस माणसं सारख्याच वेगाने पळत होती. कोणी मागे पडत नव्हतं, कोणाचं लक्ष उडत नव्हतं, कुठे फट पडत नव्हती. पूर्वी उत्तरार्धात खेळ सैल व्हायचा आणि सामना तिथेच सुरू व्हायचा. आता सैल व्हायला कोणी नव्हतं. पूर्ण वेळ संपला, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. ढोल वाजवणाऱ्यांनी ढोल खाली ठेवले. लोक जांभया देत होते. शेजारचा एक माणूस बाकावरच लवंडला.

मग नागझरीचा एक खेळाडू डावीकडून आत घुसला. तो चांगला दोन हात ऑफसाइड होता. लाइनमनचा झेंडा वर गेला नाही. चेंडू जाळ्यात गेला.

खडकगल्लीचा सगळा स्टँड उठून उभा राहिला. शिव्या सुरू झाल्या, पाण्याच्या पिशव्या खाली मैदानात भिरकावल्या जाऊ लागल्या. लाइनमन सुतार नावाचे होते, एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या मैदानावर टोपरं न घेतलेले रेफ्री आणि दोन लाइनमन, एवढेच होते.

इंद्रजितने गोल पाहिलाच नव्हता. तो मघापासून सुतारांकडे बघत होता. खांद्यांतली दोरी काढून घेतलेल्या कळसूत्री बाहुलीसारखे ते पळत होते. झेंड्याचा हात कोपरापासून लोंबत होता. उजवा पाय टाकताना ते तो क्षणभर जमिनीवरच विसरत होते. बघता बघता इंद्रजितच्या स्वतःच्या पोटरीत काहीतरी जड झालं.

"ह्या माणसाला मघाच बसवायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"कोणाला?" गोंगाटात मृणालने विचारलं.

"लाइनमनला. गुडघ्यांतनं गेलाय तो. बघ की, उभा राहायचं म्हणून उभा आहे."

मृणालने लाइनमनकडे बघितलं नाही. ती इंद्रजितकडे बघत राहिली.

ध्वनिक्षेपकावरून कोणीतरी सांगत होतं, की पुढच्या हंगामापासून पंचांनाही ही सुविधा देण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजित तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला. कुंपणाच्या जाळीशी जाऊन त्याने सुतारांना हाक मारली आणि बाटली जाळीवरून पलीकडे दिली. ते दोन घोट प्यायले.

"ऑफसाइड होता का ओ?" त्यांनी हळूच विचारलं.

"होता."

"वाटलंच मला. पोचलोच न्हाई." त्यांनी तोंड पुसलं. "इंद्रजित साळोखे न्हवं तुम्ही?"

"हो. बसा जरा."

"बसून कसं चालंल? खेळ हाय अजून." त्यांनी बाटली परत दिली आणि रेषेवर जाऊन उभे राहिले.

इंद्रजित पायऱ्या चढू लागला. निम्म्या चढल्या आणि पुढचा पाय उचलेना. आधी त्याला कळलंच नाही काय होतंय. मग छातीतून, पाठीतून, मांड्यांतून ते एकदम आलं. सगळ्या हंगामाचं, बॅटऱ्यांचं, पन्हाळ्याच्या चढाचं. तो तिथेच पायरीवर बसला.

मृणाल गर्दीतून वाट काढत खाली आली. "काय झालं?"

"काही नाही." त्याचे डोळे भरले होते. "दमलो."

खाली शिट्टी वाजली, नागझरी जिंकली. दोन्ही संघांतलं कोणी खाली बसलं नाही. लोक त्या दोघांना ओलांडून घरी जाऊ लागले. इंद्रजितने मृणालच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग कडेला सरकून तिला जागा करून दिली.

तिने चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी बसली.